पितळी मुठी आणि कडी-कोयंडे : उजळणी व राखण
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

नागपूर जिल्ह्यातील जुन्या शाळांच्या कार्यालयांत एखादे तरी सागवानी कपाट आढळते. त्याच्या खणांना पितळी मुठी, दारांना पितळी बिजागऱ्या आणि कुलपासाठी कडी-कोयंडा असतो. अनेक पावसाळे पाहिलेले हे पितळ इतके काळवंडलेले असते की मुलांना ते लोखंडच वाटावे. मग १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली म्हणजे शाळेची झाडलोट निघते. चार धडधाकट मुलांच्या हाती विटेचा चुरा, राख, लिंबू आणि मीठ दिले जाते. तासाभरात मुठी झळकू लागतात व सर्वांना समाधान वाटते. परंतु त्याच मुठी पुढच्या पावसाळ्यात पूर्वीपेक्षाही काळ्या पडतात. खाचांतून हिरवी भुकटी बाहेर येते. मुठीभोवतीच्या लाकडाचे पॉलिश उडून पांढरे डाग दिसतात. आणि बिजागरीवर कारागिराने कोरलेली अक्षरे असली तर ती बोटाने चाचपूनही लागत नाहीत. डाग पुन्हा पॉलिश करून झाकता येतात. झिजलेली अक्षरे मात्र परत येत नाहीत.

तेव्हा या पाठात दोन गोष्टी साधावयाच्या आहेत. धातू काळा का पडतो हे मुलांनी समजून घ्यावे, आणि कमीत कमी झीज करून तो स्वच्छ कसा करावा हे हाताने करून पाहावे. नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षणपरिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. त्या विचाराला धरून सांगावयाचे तर हा पाठ फळ्यावर लिहून द्यावयाचा नसून तो मुलांच्या बोटांतून जावयास हवा.

प्रारंभ घरच्या अनुभवापासून करावा. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, म्हणून आई आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू देत नाही, हे बहुतेक मुलांनी आजीकडून तरी ऐकलेले असते. कळकते म्हणजे काय होते? ताकातील आम्ल पितळेतील तांबे व जस्त विरघळवू लागते आणि ते ताकात उतरते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो आम्ल आणि पितळ यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. आता मुलांना विचारावे की, जी चिंच भांड्यात राहिली तर भांडे खाते, तीच चिंच भांडे घासण्यास आई का घेते? या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे, कारण पुढचा सारा पाठ त्यातच आहे. चिंच आधी काळा थर खाते. थर संपला की धातू खाऊ लागते. फरक केवळ वेळेचा आहे.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. मुठी-बिजागऱ्यांच्या पितळेत शेकडा साठ ते सत्तर भाग तांबे असते व उरलेल्यात मुख्यतः जस्त. जुन्या ओतीव पितळेत थोडे शिसेही मिसळलेले आढळते, यास्तव काम संपताच मुलांनी हात साबणाने धुतलेच पाहिजेत आणि काम चालू असताना काही खाता कामा नये. हवेतील प्राणवायूचा तांब्याशी संयोग होऊन पृष्ठभागावर तपकिरी-काळा थर धरतो. ओलावा असला की ही क्रिया जलद होते, आणि चुलीत किंवा भट्टीत दगडी कोळसा जळत असेल तर त्याच्या धुरातील गंधकाचे वायू तीत भर घालतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो व हवा कोरडी ठणठणीत असते. त्या दिवसांत पितळ फारसे काळवंडत नाही. जूनच्या मध्यास पाऊस आला की चार महिने हवा दमट होते आणि वर्षभराचा काळेपणा बहुतांशी याच काळात चढतो. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढणे सर्वांत सोयीचे. पावसाळ्याआधी केलेली मेहनत आठ-पंधरा दिवसांत वाया जाते.

काळा थर मात्र सर्वस्वी शत्रू नव्हे, ही गोष्ट शिक्षकांनी मनाशी नीट धरावी. एकदा सारखा बसलेला तपकिरी थर खालच्या धातूवर पांघरुणासारखा असतो. तो पुढची झीज मंदावतो. शिवाय नक्षीदार मुठीच्या खाचांत काळेपणा आणि उंचवट्यांवर हात लागून आलेली चमक, या दोहोंमुळेच नक्षी डोळ्यांना दिसते. सगळीकडे सारखी झळाळी आणली की वेलबुट्टी सपाट भासते. कारागिराने ती उठावदार केलेली असते. उत्साही विद्यार्थी ती एका सकाळी सपाट करतो. हिरवा, भुसभुशीत, नखाने निघणारा थर मात्र निराळा. तो ओलावा, क्षार व आम्ल यांमुळे आलेला असतो, तो खालचा धातू खात राहतो, आणि तो काढलाच पाहिजे.

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी धातू ओळखावा. यासाठी साधे लोहचुंबक पुरते. चुंबक मुठीला चिकटले तर ती आतून लोखंडाची असून वर पितळेचा मुलामा आहे असे समजावे. असा मुलामा कागदाहूनही पातळ असतो. त्यास कोणतीही भुकटी लावू नये, केवळ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. चुंबक चिकटले नाही तर ती बहुधा भरीव पितळेची. दुसरी परीक्षा लाखेच्या लेपाची. पुष्कळ जुन्या मुठींवर चमक टिकावी म्हणून लाखेचा पारदर्शक लेप दिलेला असतो. तो जागोजागी उडाला की मूठ ठिपकेदार काळी पडते आणि कितीही पुसली तरी उजळत नाही, कारण फडके लेपावर फिरत असते व काळिमा लेपाखाली असतो. लाख मद्यार्कात विरघळते आणि धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारानेही सुटते. लाकडावरचे स्पिरिट पॉलिश हेही लाखेचेच असते. राखेचे किंवा सोड्याचे पाणी मुठीवरून ओघळून लाकडावर गेले की पांढरे डाग का पडतात, याचा उलगडा यातूनच होतो.

मुठी व बिजागऱ्या शक्य असेल तर सोडवून घ्याव्यात. प्रत्येक मूठ आणि तिचे स्क्रू निराळ्या लिफाफ्यात ठेवून त्यावर खणाचा क्रमांक घालावा. जुने स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. स्क्रू गंजून बसला असल्यास बळ करू नये, लाकूड फाटते. अशा वेळी जाड पुठ्ठ्याला मुठीच्या आकाराचे भोक पाडून तो तिच्याभोवती बसवावा आणि लाकडाचे रक्षण करून काम करावे. पुठ्ठ्यास अचूक भोक पाडणे हा स्वतंत्र हस्तकौशल्याचा पाठ होऊ शकतो.

पहिली धुणी रिठ्याची. आठ-दहा रिठे फोडून, बिया टाकून, अर्धा लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालावे. सकाळी कुस्करून गाळलेल्या पाण्याला साबणासारखा फेस येतो, परंतु त्यात साबणाचा क्षार नसतो. त्यामुळे लाख आणि लाकूड या दोहोंनाही ते कमी बाधते. जुन्या दात घासण्याच्या मऊ ब्रशने हे पाणी नक्षीच्या खाचांत फिरवावे. फेस डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, ही सूचना मुलांना आधीच द्यावी. या एकाच धुणीने पुष्कळदा निम्मे काम होते. जो काळेपणा आपण धातूचा समजतो, तो बराचसा हातांच्या तेलात बसलेल्या धुळीचा असतो. मूठ पुसून, कोरडी करून, उन्हात धरून पाहावी आणि वर्गाला विचारावे, आणखी काही करणे खरोखर जरूर आहे काय? वर्ग ‘नाही’ म्हणाला तर तेथेच थांबण्यात कमीपणा मानू नये.

जरूर असेल तर मग चिंच. लिंबाएवढा चिंचेचा गोळा अर्धा पेला कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्यावा. चिंचोक्यांची टरफले किंवा शिरा राहिल्यास त्यांचे ओरखडे उठतात. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. लिंबाच्या रसात शेकडा पाच-सहा भाग सायट्रिक आम्ल असते, म्हणून तो चिंचेच्या पातळ कोळापेक्षा तीव्रपणे लागू पडतो व नवशिक्या हातात कमी सुरक्षित ठरतो. नागपुरात संत्री विपुल, म्हणून सालीने पितळ घासावे असे कोणास सुचेल. संत्र्याच्या रसात आम्ल बरेच कमी असते, आणि सालीतील तेल मळ सोडवीत असले तरी ते लाकडाच्या पॉलिशवरही चालते. संत्री मुलांनी खावीत हे उत्तम.

कोळ जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने लावावा आणि मनात शंभर-सव्वाशे अंक मोजून ओल्या फडक्याने पुसून टाकावा. थर उरला असेल तर पुन्हा लावावा. परंतु एकाच वेळी लावून ठेवून जाऊ नये. कोळात मूठ रात्रभर बुडवून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सर्वथा त्याज्य होय. जस्त हा तांब्यापेक्षा आम्लाला लवकर वश होणारा धातू आहे. पितळ फार वेळ आम्लात राहिले की पृष्ठभागावरील जस्त निघून जाते, तांबे मागे राहते आणि पिवळी मूठ गुलाबी-तांबूस दिसू लागते. हा रंग मळाचा नसतो, म्हणून तो कशानेही धुतला जात नाही. तांबूस थर घासूनच काढावा लागतो आणि त्याबरोबर नक्षीही जाते. वर्गात हे दाखवावयाचे असल्यास भंगारवाल्याकडून एक मोडकी पितळी कडी आणून तिचा अर्धा भाग कोळात एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन रंगांची ती कडी पाहिल्यावर मुलांना अधिक सांगावे लागत नाही.

मीठ मिसळल्याने चिंच-लिंबू झपाट्याने काम करते हे खरे. परंतु मिठातील क्लोराइड पितळेच्या खाचांत व सांध्यांत राहून जाते आणि दमट हवा लागताच तेथे हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवते. स्वयंपाकघरातील भांडे रोज धुतले जाते, म्हणून त्यास मीठ चालते. कपाटाची कडी वर्षातून एकदा धुतली जाते. तिला मीठ लावू नये.

खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र करण्याची शिफारसही अलीकडे वारंवार ऐकू येते. मिश्रण फसफसते, म्हणून ते प्रभावी वाटते. वस्तुतः ती फसफस कर्बद्विप्राणिद वायूची असते. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात व उरते ते जवळजवळ निरुपद्रवी, आणि तितकेच निरुपयोगी, खारे पाणी. सोड्याचा खरा उपयोग शेवटी आहे. आम्लाची धुणी झाल्यावर, सोडविलेली मूठ चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यातून काढली तर खाचांत उरलेले आम्ल शमते. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुऊन लगेच कोरडी करावी.

राहिला प्रश्न भुकटीचा, आणि येथे या भागातील एक सवय सांगितली पाहिजे. नागपूरच्या पूर्वेस भंडारा जिल्हा आहे. तो धानासाठी प्रसिद्ध, तसाच पितळी भांड्यांसाठीही. भातगिरण्यांतून निघणारा धानाचा कोंडा जळणास वापरतात आणि त्याची राख भांडी घासण्यास घेतात. ही राख हातास मऊ लागते, परंतु तिच्यात शेकडा ऐंशीहून अधिक भाग सिलिका असते. म्हणजे ती रेतीचीच धाकटी बहीण. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांत गारगोटी सातव्या पायरीवर आहे, पितळ तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आसपास, चुनखडीतील कॅल्साइट तिसऱ्यावर आणि जिप्सम दुसऱ्यावर. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा उमटविते. मऊ वस्तू कठीण वस्तूवर उमटवू शकत नाही. रेती, विटेचा चुरा व कोंड्याची राख या पितळेहून कठीण. खडू पितळेहून मऊ किंवा फार तर बरोबरीचा. फळ्यावर लिहिण्याचा पांढरा खडू बहुधा जिप्समचा असतो, क्वचित चुनखडीचा, दोन्ही चालतात. खडूचे तुकडे कुटून मलमलच्या फडक्यातून गाळावे, पाण्याचे चार थेंब घालून लेई करावी आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावी. शाळेत रोज केरात जाणारे खडूचे तुकडे अशा रीतीने उपयोगी पडतात. काठिण्याचा तक्ता पाठ करून घेण्याची गरज नाही. नखाने खडूवर, खिळ्याने पितळेवर आणि गारेने खिळ्यावर रेघ ओढून पाहिली की मुलांना क्रम आपोआप कळतो.

कपाट शाळेतील कोणत्या खोलीत ठेवावे, हाही या पाठाचाच भाग आहे. कामठीची लष्करी छावणी १८२१ साली वसली. त्या काळच्या सैन्यातील अधिकाऱ्यांचे सामान मुक्कामामागून मुक्काम हलत असे, म्हणून त्यांच्या पेट्यांना व घडीच्या मेजांना कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या मारीत. याच सैन्याला हिंदुस्थानात पितळेसंबंधी एक विलक्षण अडचण आली. पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या बंदुकीच्या काडतुसांची पितळी नळकांडी कोणी हात न लावता आपोआप तडकत. पावसाळी ऋतूत घडते म्हणून इंग्रजीत त्या दोषाचे नावच ऋतूवरून पडले. त्याचे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी स्पष्ट केले. घोड्यांच्या मुताचा अमोनिया वायू, हवेतील ओलावा आणि घडविताना पितळेत राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की धातूला भेगा पडतात. यावरून पितळी कड्यांचे कपाट मुतारीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवू नये, आणि बाजारी पॉलिशच्या डबीला अमोनियाचा उग्र दर्प येत असेल तर ते पातळ पत्र्याच्या ठोकीव कामाला वापरू नये, एवढे ध्यानात ठेवावे.

काही वस्तूंना यांपैकी काहीच लावावयाचे नसते. रामटेकजवळचे नगरधन हे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होय असे मानले जाते. या राजांचे दानलेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले असत आणि असे ताम्रपट विदर्भातील गावांतून मिळाले आहेत. नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन करून वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या घराण्याच्या इतिहासाचा मोठा भाग पत्र्यात केसाएवढ्या खोलीने उमटलेल्या अक्षरांवर उभा आहे. शेत नांगरताना एखाद्या मुलाच्या घरी असा पत्रा किंवा नाणे सापडले आणि शाळेत शिकलेल्या उत्साहाने त्याने त्यास चिंच लावली, तर काय जाईल याची कल्पना करावी. अशी वस्तू धुऊ नये, पुसूही नये. कोरड्या कागदात गुंडाळून तहसील कार्यालयास कळवावे. दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निखातनिधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. महालातील भोसल्यांचा राजवाडा लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेला होता. तो १८६४ साली आगीत गेला व भव्य दरवाजा तेवढा मागे राहिला. त्या परिसरातील जुन्या वाड्यांच्या दारांवर आज ज्या फुल्या, कड्या व साखळ्या आहेत, त्याही घरमालकाच्या अनुमतीवाचून आणि जाणत्याच्या सल्ल्यावाचून शाळेच्या सहलीत घासण्याच्या वस्तू नव्हेत. मुलांनी त्यांची चित्रे काढावीत.

लोखंडी कड्यांची कथा थोडक्यात. त्यांना चिंच लावल्यास गंज निघतो खरा, पण उघडे पडलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबारते. कोरड्या फडक्याने सुटा गंज झाडून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जवस विदर्भात पिकतो व त्याचे तेल वाळून पापुद्रा धरते, हा त्याचा गुण. परंतु त्याच गुणात धोकाही आहे. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे काम मुलांच्या हाती देऊच नये. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

स्वच्छ झालेल्या पितळी मुठी ऑक्टोबरच्या उन्हात अर्धा तास ठेवाव्यात. हातास सोसवेल इतक्या गरम झाल्या की मधमाशीच्या मेणाचा तुकडा त्यांवर अलगद फिरवून मऊ फडक्याने चोळावे. मेणाचा दिसेल न दिसेल असा लेप ओलाव्याला अडवितो. खोबरेल लावण्याचा मोह टाळावा, ते खवट होऊन धूळ धरते. मग लिफाफ्यावरील क्रमांकाप्रमाणे प्रत्येक मूठ आपल्या खणाला बसवावी. स्क्रू पूर्ण आवळण्यापूर्वी खण एकदा ओढून पाहावा, कारण पावसाळ्यात फुगलेले सागवान अजून पुरते आक्रसलेले नसते. काम केल्याची तारीख आणि काय लावले याची नोंद एका कागदावर करून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या शिक्षकास रिठ्यापासून आरंभ करावयाचा की नुसत्या कोरड्या फडक्याने भागेल, हे ठरविता येईल.